गारुफालियाच्या नावापुढची खूण

१

आग विझली, जमीन पाय ठेवण्याइतकी निवली, तेव्हा अग्निशामक दलाची माणसं पेत्रोलाका गावाच्या वरच्या आळीत चढली. छपरं खाली आली होती. अंजिराच्या झाडांचे नुसते कोळसे उभे होते. शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी त्यांना एक लोखंडी चौकट सापडली, म्हाताऱ्या माणसांना चालताना धरायला देतात तसली. चौकटीच्या मागे, दाराकडे तोंड करून, फालिओ होती.

गाव तिला फालिओ म्हणायचं. कागदोपत्री ती गारुफालिया स्कुर्ती. जन्म १९३९, लग्न नाही, मूल नाही. जिभेला मात्र धार.

माणूस आगीत जातो तेव्हा गाव रडतं आणि देवाला बोल लावतं. इथे तसं झालं नाही, कारण पेत्रोलाकातून कुणीही मागे राहिलेलं नाही असं आस्प्रोलिथीच्या नगरपालिकेनं आगीच्या दिवशीच टीव्हीवर सांगून टाकलं होतं. त्याला पुरावाही होता. स्वतःच्या पायांनी निघू न शकणाऱ्यांची एक यादी छापून प्रत्येक बसचालकाला दिली होती. पेत्रोलाकाच्या यादीवर 'गारुफालिया स्कुर्ती, १९३९' हे नाव होतं आणि त्यापुढे निळ्या पेनानं ठसठशीत खूण होती. खुणेचा अर्थ एकच: गाडीत घेतलं.

तपास अग्निशामक दलाच्या जीसिस कारासकडे आला. आगीची प्रकरणं हाताळण्यात त्याचे केस पांढरे झाले होते, आणि माणसं खोटं बोलतात यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. त्यानं बसचालक मांथोस बेलेकोसला समोर बसवलं.

"खूण तूच केलीस?"

"मीच."

"म्हणजे ती गाडीत होती."

"होती. म्हणजे... स्कुर्ती होती."

"त्या गावात कुत्रंसुद्धा स्कुर्ती आहे, मांथोस! मी विचारतोय, ही बाई गाडीत होती का?"

मांथोसनं खाली बघितलं. "मला वाटलं, होती."

"वाटलं!" जीसिसनं फाइल उघडली. "दोन वर्षांपूर्वी हिनं फोन करून तुझी तक्रार केली होती. थांब्यावर उभी असताना तू गाडी पुढे नेलीस म्हणून. शाळेच्या बसचं तुझं काम गेलं. त्यावर तू कॉफीच्या दुकानात काय म्हणालास, ते चार जणांनी मला सांगितलंय. सांगू?"

मांथोसनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणालास, 'त्या म्हातारीला मी मेलो तरी पुन्हा गाडीत घेणार नाही.' तसंच केलंस की रे."

२

मांथोसच्या वकिलानं एकच मागणी केली. यादी ज्या संगणकातून निघाली, तो तपासा. कोर्टानं नाइलाजानं एव्हांथिया रोकाला नेमलं. एव्हांथियाबाई आमच्या इथल्या तंत्रशाळेत डेटाबेस शिकवतात. पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण झाल्यावरही क्षणभर वाट बघणाऱ्या. त्यामुळे माणूस ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोलून जातो.

"बाई, खूण यंत्रानं केलेली नाही, पेनानं केलीय," जीसिस म्हणाला.

"पेनवाल्याला तरी भेटू दे," त्या म्हणाल्या.

मांथोसचं लायसन्स काढून घेतलं होतं आणि रोज पोलीस ठाण्यात सही करायला लावलं होतं. तो अंगणातल्या वेलाखाली बसून होता. त्याच्या बायकोनं कॉफी आणून ठेवली आणि आत गेली.

"सगळ्यांनी वाळीत टाकलंय," तो म्हणाला. "पावसुद्धा हिला दुसऱ्या गावातून आणावा लागतो."

"त्या दिवशीचं सांग."

"काय सांगू? दुपार होती आणि दिवे लावावे लागत होते इतका धूर. खालच्या आळीतून एकेकाला उचलत गेलो. एका दारात एक म्हातारी, नाकात नळी, शेजारी सिलिंडर. तिच्यासोबतची बाई किंचाळत होती. मी विचारलं, स्कुर्ती का? ती म्हणाली, हो, स्कुर्ती, चला लवकर! कागदावर स्कुर्ती एकच. मी खूण केली. मग वळलो. पाठीमागे पाइनची झाडं बंदुकीसारखी फुटत होती, बाई."

"फालिओला तू ओळखत होतास."

"ओळखत होतो."

"ती वरच्या आळीत एकटी राहते, हेही ठाऊक होतं."

मांथोसनं कपाकडे हात नेला आणि परत घेतला. "होतं. वळताना एकदा मनात आलं. पण कागदावर फालिओ नव्हती. गारुफालिया म्हणजे फालिओ हे मला आत्ता कळतंय, मला वाटायचं, फालिओ हे त्रियांडाफिलियाचं लघुरूप. म्हटलं, आपल्या कागदावर नाही म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नेली असेल." मग हळूच म्हणाला, "आणि बरं वाटलं. तिच्याशी बोलावं लागणार नाही म्हणून. हे मी कारासला सांगितलेलं नाही."

एव्हांथियाबाई नेहमीसारख्या थांबल्या. पण या खेपेला त्यानं गार झालेली कॉफी वेलाच्या बुंध्याशी ओतली आणि कप आत नेऊन ठेवला.

सिलिंडरवाल्या म्हातारीचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. तिला लित्सा म्हणतात. तिची मुलगी गाव सोडलेल्यांसाठी शाळेत उघडलेल्या छावणीतून तिला तशीच अथेन्सला घेऊन गेली होती आणि म्हातारी तिथे दवाखान्यात होती. बाईंनी फोन केला. "आईच्या छातीत अजून धूर आहे, तिला छळू नका!" असं म्हणून मुलीनं फोन आपटला.

"लित्सा कशाचं लघुरूप असेल?" बाईंनी जीसिसला विचारलं.

"इव्हांगेलिया असेल, अँगेलिकी असेल, आपल्याकडे दर दुसरी बाई लित्सा असते. कागदावर यातलं कुणीही नाही. ती यादीत नव्हतीच. यानं वाटेत दिसेल ती म्हातारी उचलली आणि खूण फालिओपुढे ठोकली. झालं!"

"पण नाकात नळी असलेली बाई यादीत का नव्हती?"

जीसिसनं खांदे उडवले. आणि मग, बाईंचा प्रश्न मोडीत काढायला म्हणून, त्यानंच एक गोष्ट सांगून टाकली. "अहो, यादी काय घेऊन बसलात! तो लंगडा स्ताथिससुद्धा यादीत नव्हता."

३

स्ताथिस शेळ्या राखायचा. गावापासून दूर, पालिओस्तानी नावाच्या ओसाड वाडीत तो एकटा राहत होता. एक पाय लाकडाचा. बाई गेल्या तेव्हा तो जळक्या कुंपणाशी बसून चीज कापत होता.

"मला कुणी न्यायला आलं नाही, आणि बरंच झालं," तो हसला. "शेळ्या पाण्याच्या हौदात उतरवल्या, मीही उतरलो. लाकडी पाय तरंगत होता. मी म्हटलं, हा तरी वाचेल!"

"नगरपालिकेची बाई येते ना तुमच्याकडे?"

"आरेती? येते की. पोरगी रक्तदाब बघते, शिव्या देते, जाते. तिच्या यादीत मी पहिला आहे असं म्हणते."

आरेती गिका नगरपालिकेच्या घरसेवेत परिचारिका होती. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन औषधं देणं, अंघोळ घालणं हे तिचं काम. फालिओचं नाव काढताच तिचे डोळे भरले, पण तिनं पडद्यावर आपला तक्ता उघडून दाखवला. "हा बघा स्ताथिस. ही फालिओ. दोघांना मीच नोंदवलंय. नाव, जन्मसाल, ओळखक्रमांक, गाव, घराची खूण, सगळं."

"घराची खूण इथे आहे. छापील कागदावर नाही."

आरेतीचा हात थांबला. "ती मीच काढायला लावली."

"का?"

"गेल्या उन्हाळ्यात अशीच एक यादी बसमध्ये विसरली होती. कुठे कोण म्हातारं एकटं राहतं, सगळं पत्त्यासकट. महिन्याभरात तीन घरं फोडली. एका आजीला बांधून ठेवलं होतं." ती टेबलाच्या कडेला नख घासू लागली. "मी महापौरांच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, क्रमांक नको, पत्ता नको. नुसतं नाव, साल, गाव. खेड्यात कुणालाही विचारलं तरी घर दाखवतात. मी चुकले का?"

"नाही," बाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

"आणि लित्सा? ती तुझ्या यादीत आहे?"

"नाही. तिच्या घरी सून आहे, ती एकटी नाही. ऑक्सिजनवाले आरोग्य केंद्राच्या तक्त्यात असतात. तो मला दिसत नाही."

आरोग्य केंद्रानं तो बाईंनाही दाखवला नाही. रुग्णांची माहिती, म्हणून कोर्टाचा वेगळा हुकूम हवा. ऑगस्टात कोर्ट बंद. सप्टेंबरात अर्ज गेला आणि ढिगात पडला.

तोवर एकच माणूस उरला होता. दोन तक्त्यांतून एक कागद ज्यानं काढला, तो.

४

क्लेओमेनिस चाळिशीचा होता. तीन नगरपालिकांचे संगणक तो एकटा सांभाळायचा, दर वर्षी नव्या करारावर. बाई आल्या तेव्हा त्यानं क्वेरी, म्हणजे यादी काढायला संगणकाला दिलेली आज्ञा, आधीच छापून ठेवली होती, जसा काही शिक्षा ऐकायला बसला होता.

बाईंनी ती वाचली. छोटीशी होती. आधी घरसेवेचा तक्ता आणि आरोग्य केंद्राचा तक्ता एकत्र आणायचे. मग त्या एकत्र यादीला बसगाड्यांचा तक्ता जोडायचा, म्हणजे प्रत्येक नावासमोर त्याच्या गावाला जाणारी बस येईल.

"हा जोड," बाईंनी बोट ठेवलं. "साधा जॉइन आहे."

"हो."

"बसच्या तक्त्यात पालिओस्तानी आहे?"

क्लेओमेनिस पडद्यापाशी गेला. शोधलं. पुन्हा शोधलं. "नाही," तो म्हणाला. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. "तिथे बस जातच नाही. वाडी ओसाड म्हणून नोंदलेली आहे."

त्या संध्याकाळी बाईंनी हे जीसिसला चौकातल्या झाडाखाली समजावून सांगितलं.

"लग्नात एका बाजूला वऱ्हाडी उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूला गाड्या. तू सांगितलंस, ज्याला गाडी मिळेल त्याचं नाव माझ्या कागदावर लिही. ज्याच्या गावची गाडीच नाही, त्याचं नाव लिहिलंच जाणार नाही. 'याला गाडी नाही' असंसुद्धा नाही. तो माणूस जणू लग्नाला आलाच नव्हता. साधा जॉइन असा असतो. दोन्ही बाजूंना जुळणी असेल तेवढंच ठेवतो."

"मग करायचं काय?"

"लेफ्ट जॉइन लिहायचा. मग सगळे वऱ्हाडी कागदावर येतात, गाडी नसेल तिथे रिकामी जागा राहते. रिकामी जागा दिसली की कुणीतरी विचारतं. स्ताथिसच्या नावापुढची रिकामी जागा दिसली असती, तर जीप गेली असती."

जीसिसनं ग्लासातलं पाणी संपवलं. त्याला मनापासून पटलं होतं, आणि म्हणूनच त्याचा पुढचा वार वर्मी बसला.

"फार छान. तुमचा स्ताथिस जिवंत आहे, बाई. मेली ती फालिओ. आणि फालिओचं नाव कागदावर आहे. पेत्रोलाकाला बस जाते. जॉइननं तिला वगळलं नाही. ती कागदावर होती, तिच्यापुढे खूण होती, आणि ती घरात जळाली. यंत्र सुटलं. आता माझ्या माणसाचं बोला."

बाईंना वाटलं होतं, गाठ सुटली. सुटली होती ती दुसरीच.

खटल्याची तारीख लागली. मांथोसनं सही करायला जाताना बाईंना रस्त्यात गाठलं. "काही निघालं?"

"अजून नाही."

"निघणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "मलाच आताशा वाटायला लागलंय, मी मुद्दाम केलं असेल."

५

फालिओच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला, बाई पेत्रोलाकाला गेल्या. तपासासाठी नाही. जाणं बरं दिसतं म्हणून. देऊळ वाचलं होतं, भिंती काळ्या पडल्या होत्या. उकडलेल्या गव्हाचं ताट साखर पेरून मधोमध ठेवलं होतं, त्यात मेणबत्ती. आरेती खांबाला टेकून उभी होती. मांथोस आला नव्हता, त्याची बायको मागच्या दारात उभी होती आणि तिच्या आजूबाजूची जागा मोकळी होती.

पाद्रीबाबांनी धूप फिरवला तशी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली एक म्हातारी खोकली. नाकात नळी. शेजारी अथेन्सहून आलेली मुलगी सिलिंडर धरून. लित्सा आली होती, मुलीचं न ऐकता.

पाद्रीबाबा आमच्याकडे आडनाव घेत नाहीत. देवाला आडनाव लागत नाही. ते मोठ्यानं म्हणाले, "देवाची दासी, निद्रिस्त झालेली गारुफालिया, हिच्या आत्म्याला..."

"मी अजून आहे हो इथे!" लित्सा म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी "आई!" म्हणून तिच्यावर वाकली. बायका कुजबुजल्या, म्हातारीचं डोकं धुरानं गेलं. पाद्रीबाबा पुढे म्हणत राहिले.

एव्हांथियाबाईंच्या हातातली मेणबत्ती तिरकी झाली आणि मेण बोटांवर सांडलं. त्यांना ते कळलंही नाही.

कॉफी वाटली जात होती तेव्हा त्या लित्साच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या. "मावशी, तुमचं बाप्तिस्म्याचं नाव काय?"

"काय म्हणजे? आजीचंच." म्हातारीला प्रश्नच विचित्र वाटला. "आमचे बाप सख्खे भाऊ. पहिली मुलगी झाली की बापाच्या आईचं नाव ठेवायचं. तिच्या बापानं ठेवलं, माझ्या बापानंही ठेवलं. दोघी गारुफालिया. मग आया भांडल्या, हाक कुणाला मारायची म्हणून. ती फालिओ झाली, मी लित्सा."

"आणि आडनाव? तुमचं लग्न झालं ना?"

"स्कुर्तीतच झालं. माहेर स्कुर्ती, सासर स्कुर्ती. सोय!"

"जन्म?"

"ती द्राक्षाच्या वेळची, मी ऑलिव्हच्या. एकाच वर्षी." लित्सानं बाईंचा हात धरला. "तू कोण ग? पोलिसाची?"

बाई मागे वळल्या. अख्खं गाव भोवती उभं होतं. "हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"कोणाला माहीत नाही?" दुकानदार म्हणाला. "दोघींना एकाच आजीचं नाव आहे, यात काय विशेष? माझ्या घरात तीन थानासिस आहेत."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

६

कोर्टाचा हुकूम निघाला, आरोग्य केंद्राचा तक्ता उघडला, आणि त्यात ओळ होती: गारुफालिया स्कुर्ती, १९३९, पेत्रोलाका. ओळखक्रमांक वेगळा.

जीसिसनं या वेळी टोमणा मारला नाही. तो खुर्ची ओढून बसला. "मला लहान मुलासारखं समजावा."

"दोन तक्ते," बाई म्हणाल्या. "आरेतीच्या तक्त्यात फालिओ. केंद्राच्या तक्त्यात लित्सा. क्लेओमेनिसनं दोन्ही एकाखाली एक ठेवले. जॉइन माणसाच्या शेजारी काहीतरी आणून ठेवतो. हे तसं नाही. हा एका रांगेच्या मागे दुसरी रांग उभी करतो. त्याला युनियन म्हणतात."

"बरं."

"पण युनियनची एक खोड आहे. दोन ओळी अगदी तंतोतंत सारख्या दिसल्या, तर त्या एकाच माणसाच्या समजून तो एकच ठेवतो. ओळखक्रमांक असता तर ओळी वेगळ्या दिसल्या असत्या. घराची खूण असती तरीही. दोन्ही काढले होते. उरलं नाव, आडनाव, साल, गाव. चारही सारखं. दोन बायका आत गेल्या, एक बाहेर आली."

"मांथोसनं..."

"मांथोसच्या कागदावर एकच गारुफालिया स्कुर्ती होती. त्यानं तिलाच आणलं. खूण खरी आहे. लित्सा यादीत होती, फालिओही यादीत होती. दोघी मिळून एका ओळीत होत्या."

जीसिसनं एका कोऱ्या कागदावर तेच नाव दोनदा लिहिलं आणि एक ओळ खोडली. "हा युनियन बदलता येतो?"

"पुढे एक शब्द लिहायचा. ऑल. युनियन ऑल. मग तो काहीच गाळत नाही, आलं तसं ठेवतो."

"आणि त्या गाढवानं तो एक शब्द लिहिला नाही!"

"आधी लिहिलेला होता," दारातून आवाज आला. क्लेओमेनिस उभा होता. "मी काढला. गेल्या वर्षीच्या आगीत एक आजोबा दोन्ही तक्त्यांत होते. कागदावर दोनदा आले. त्यांना आणलं होतं, पण दुसऱ्या ओळीपुढे खूण नाही म्हणून तुमचा एक जवान परत आत गेला. नसलेल्या माणसाला शोधायला."

जीसिसनं डोळे मिटले. तो जवान त्याच्याच तुकडीतला होता. त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूची कातडी आता मांडीवरून काढून लावलेली होती.

"तुम्हीच मला म्हणाला होतात," क्लेओमेनिस म्हणाला, "पुन्हा एक नाव दोनदा छापलंस तर हात तोडीन."

जीसिस उठला, फाइलवरचं मांथोसचं नाव असलेलं पान काढलं, आणि दुसरं काय लावावं ते न सुचून तसाच उभा राहिला.

७

मांथोसवरचा खटला मागे घेतला गेला. लायसन्स परत मिळालं. दुसऱ्या कुणावर खटला भरता आला नाही. सरकारी वकिलानं लिहिलं, 'कोणाही व्यक्तीचा दोष सिद्ध होत नाही.' गावानं ते वाचलं आणि मांथोसच्या बायकोला पाव विकायला सुरुवात केली, पण कुणी माफी मागितली नाही. कशाची मागणार?

थंडी पडायच्या आधी नगरपालिकेनं बाईंना क्वेरी दुरुस्त करून मागितली. त्यांनी क्लेओमेनिसच्या शेजारी बसून ती लिहिली. आत ओळखक्रमांक ठेवला, म्हणजे खरोखर एकच असलेलं माणूस एकदाच येईल आणि दोन असतील तर दोन. बसचा जोड लेफ्ट केला. छपाईत मात्र पूर्वीसारखंच नाव, साल, गाव. बाकीचं बाहेर जाऊ द्यायला महापौर तयार नव्हते. आरेतीही.

तपासून बघायला त्यांनी उन्हाळ्यातल्याच माहितीवर ती चालवली. छपाईयंत्रातून कागद आला. तळाशी स्ताथिस होता, त्याच्यापुढे बसची जागा रिकामी. आणि मधे एकाखाली एक:

गारुफालिया स्कुर्ती, १९३९, पेत्रोलाका.
गारुफालिया स्कुर्ती, १९३९, पेत्रोलाका.

क्लेओमेनिसनं तोंडावर हात ठेवला. आरेती रडू लागली, पण त्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

मांथोसला बाईंनीच बोलावलं होतं. त्यांना वाटलं होतं, त्यानं हे डोळ्यांनी बघावं. त्यानं कागद हातात घेतला. खिडकीपाशी नेला. दोन्ही ओळींवरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

"हे असं असतं तर दोघी आल्या असत्या," आरेती म्हणाली. "हो ना, मांथोस?"

त्याला हो म्हणता आलं असतं. सगळे तेवढ्यासाठीच त्याच्याकडे बघत होते.

"धूर होता," तो म्हणाला. "मागे झाडं फुटत होती. सिलिंडरवाली चढवली, वरच्या ओळीपुढे खूण केली. मग खालची ओळ बघितली असती." त्यानं कागद टेबलावर ठेवला, दुमडू नये म्हणून हातानं सपाट केला. "म्हटलं असतं, चुकून दोनदा छापलंय."

क्लेओमेनिस उठला. "मग पत्ता टाकू या." आरेतीनं मान वर केली. "आणि ती बांधून ठेवलेली आजी?" तो पुन्हा खाली बसला.

मांथोसनं टोपी घातली. त्याची पाचची फेरी होती.